पसंतीक्रम

माझी ताई न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहते. तिची मुलगी आठवीत होती त्या वर्षी, ऑक्टोबर महिन्यात, रात्री साडेनऊला ताईचा फोन आला. तिच्याकडे तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. मी डोंबिवलीत गणित शिकवते, त्यामुळे घरातले सगळे आकडे शेवटी माझ्याकडे येतात. ताई म्हणाली, "अगं, पोरीचा सोडतीचा नंबर आलाय. सी-४ ने सुरू होतोय. चांगला की वाईट, ते तूच सांग."

न्यूयॉर्कमध्ये नववीच्या प्रवेशासाठी अर्ज करणाऱ्या प्रत्येक मुलाला संगणक एक लांबलचक क्रमांक देतो. त्यात ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ ही अक्षरं असतात, म्हणजे मोजणी दहाच्या ऐवजी सोळाच्या पायावर. ए म्हणजे १०, बी म्हणजे ११, सी म्हणजे १२. क्रमांक जितका लहान, तितकी रांगेत जागा पुढे. मी कागदावर मांडलं : बारा गुणिले सोळा अधिक चार, म्हणजे १९६. पहिल्या दोन जागांवर एकूण २५६ जोड्या येऊ शकतात. १९६ भागिले २५६. शंभर मुलांची रांग धरली तर भाची सत्त्याहत्तराव्या जागेच्या आसपास उभी होती.

ताई थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे पहिल्या नंबरावर चांगली शाळा लिहिण्यात आता अर्थ नाही. ती मिळणार नाहीच, आणि दुसऱ्या नंबरावरची तोवर भरून जाईल."

हेच वाक्य मी दर वर्षी जूनमध्ये डोंबिवलीत ऐकते. अकरावीच्या अर्जाचा दुसरा भाग उघडला, की दहावीची मुलं आणि त्यांचे पालक मोबाइलवर गेल्या वर्षीची कटऑफची यादी घेऊन येतात. "मॅडम, पहिल्याच नंबरावर रुईया टाकलं आणि हुकलं, तर खालचं हातचं जाईल का?" या प्रश्नाला आज नेमकं उत्तर आहे. ते सगळ्यात चोख रीतीने ज्या शहरात शोधलं गेलं ते शहर न्यूयॉर्क. म्हणून आधी तिथलीच गोष्ट सांगते.

अमेरिकेत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी, अशी चार वर्षं. बहुतेक गावांत घराच्या पत्त्यावरून शाळा ठरते आणि प्रश्न मिटतो. न्यूयॉर्क हा त्या देशातला सगळ्यात मोठा शालेय जिल्हा. तिथे सरकारी हायस्कुलंच चारशेहून जास्त आहेत आणि त्यांच्यातले वेगवेगळे अभ्यासक्रम धरले तर आकडा सातशेच्या वर जातो. एकाच इमारतीत चार मजल्यांवर चार स्वतंत्र शाळा असतात. कुठे फक्त चिठ्ठ्या टाकून प्रवेश, कुठे गुण बघून, कुठे गाणं किंवा चित्र तपासून. शाळांची माहिती देणारं शहराचं छापील पुस्तक एके काळी सहाशेहून जास्त पानांचं असे. तेरा वर्षांच्या मुलाने ते वाचायचं आणि आपली पसंती उतरत्या क्रमाने लिहून द्यायची.

२००३ पर्यंत ही पसंती पाच नावांची होती. मूल पाच शाळा लिहून देई आणि तो अर्ज त्या पाचही शाळांकडे जाई. शाळांना त्यात हेही दिसे, की या मुलाने आपल्याला कितव्या क्रमांकावर ठेवलंय. काही शाळा उघडच सांगत, की आम्हाला पहिल्या नंबरावर लिहिणाऱ्यांचाच आम्ही विचार करू. मग पत्रं निघत. हुशार मुलाच्या घरी तीन-तीन शाळांची पत्रं येत, तो विचार करत बसे, आणि तोवर बाकीच्या दोन जागा अडून राहत. पत्रांच्या अशा तीन फेऱ्या होत. काही शाळा तर आपल्या सगळ्या जागा शहराच्या कार्यालयाला कळवतच नसत. शेवटी गोंधळ उरकला, की मागे ठेवलेल्या त्या जागा आपल्या पसंतीच्या मुलांना देत.

या पद्धतीत नव्वद हजारांवर मुलांपैकी सुमारे तीस हजार मुलांना यादीत न लिहिलेल्या शाळेत पाठवलं जाई. म्हणजे तीनातल्या एका मुलाने शाळा निवडायची म्हणून पाच नावं लिहिली आणि त्याला सहावंच नाव मिळालं. ज्यांच्या घरी या व्यवहारातलं कळणारं कुणी नव्हतं, त्यांना याचा फटका सगळ्यात जास्त बसत होता. पहिल्या नंबरावर आवडीची शाळा लिहायची नाही, 'मिळण्यासारखी' शाळा लिहायची, हे शहाणपण शिकलेल्या पालकांमध्ये कानोकानी फिरत असे. नुकत्याच देशात आलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या आईला ते कोण सांगणार? ती बिचारी मनात होतं ते खरंखरं लिहून मोकळी होई.

२००३ मध्ये शहराच्या शिक्षण विभागातून अ‍ॅल्विन रॉथ यांना फोन गेला. रॉथ तेव्हा हार्वर्डमध्ये अर्थशास्त्र शिकवत होते. अमेरिकेत नवे डॉक्टर आणि त्यांना प्रशिक्षण देणारी रुग्णालयं यांची जुळणी करणारी एक देशव्यापी यंत्रणा १९५२ पासून चालू आहे. नव्वदच्या दशकात तिची नवी मांडणी रॉथ यांनी केली होती. शहराचा प्रश्न असा, की तीच युक्ती शाळांना लागू पडेल का? रॉथ यांनी अतिला अब्दुलकादिरोलू आणि पराग पाठक या दोघांना सोबत घेतलं. पाठक हे नाव वाचून आपलं माणूस वाटेल, पण त्यांचे आईवडील नेपाळहून अमेरिकेत गेलेले. ते तेव्हा रॉथ यांचे विद्यार्थी होते, पुढे एमआयटीत प्राध्यापक झाले.

युक्ती मुळात १९६२ मधली. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली या दोन गणितज्ञांनी एका छोट्याशा लेखात ती मांडली. ती समजायला बीजगणित लागत नाही. मी वर्गात ती तीन मुलं आणि तीन शाळा घेऊन फळ्यावर करते.

शाळांची नावं नदी, टेकडी आणि बाजार. प्रत्येकीत एकच जागा. अनया नदीला पहिली पसंती देते, मग टेकडी, मग बाजार. रोहनचीही पहिली नदी, मग बाजार, मग टेकडी. सलमाला पहिली टेकडी, मग नदी, मग बाजार. आता शाळांची रांग. नदीच्या रांगेत सलमा सगळ्यात पुढे, मग रोहन, मग अनया. टेकडीच्या रांगेत अनया पुढे, मग सलमा, मग रोहन.

आधी नेहमीच्या घाईच्या पद्धतीने वाटून बघू. पहिल्या पसंत्या घ्यायच्या, जागा देऊन टाकायच्या, दार बंद. नदीकडे रोहन आणि अनया दोघं आले, रांगेत रोहन पुढे, नदी रोहनला मिळाली. टेकडीकडे एकटी सलमा आली, टेकडी तिची. अनया दुसऱ्या पसंतीकडे, टेकडीकडे, गेली तर तिथे दार बंद. खरं म्हणजे टेकडीच्या रांगेत ती सलमाच्याही पुढे होती. पण तिने टेकडीला दुसरा नंबर दिला, एवढ्या एका कारणाने तिला बाजारात जावं लागलं. घरी आई म्हणणार, "तुला सांगत होते, पहिल्यांदाच टेकडी लिही." आणि या पद्धतीत आईचं म्हणणं बरोबर असतं. इथे खरं लिहिलं तर नुकसान होतं.

आता गेल आणि शॅपली यांची पद्धत. बदल एकच आहे. जागा द्यायची, पण कच्ची. पेनने लिहायचं नाही, पेन्सिलीने लिहायचं. पहिल्या फेरीत नदीने रोहनचं नाव पेन्सिलीने लिहिलं आणि अनयाला परत पाठवलं. टेकडीने सलमाचं नाव पेन्सिलीने लिहिलं. अनया टेकडीकडे आली. टेकडीच्या रांगेत अनया पुढे आहे, म्हणून टेकडीने सलमाचं नाव खोडलं आणि अनयाचं लिहिलं. सलमा नदीकडे गेली. नदीच्या रांगेत सलमा पुढे, म्हणून तिथे रोहनचं नाव खोडलं गेलं. रोहन बाजाराकडे गेला, तिथे जागा होती. कुणालाच आता पुढे जायचं नाही, की सगळी नावं पेनने गिरवायची.

बघा, अनया टेकडीवर पोहोचली. तिने आपल्याला पहिला नंबर दिला की दुसरा, हे टेकडीने विचारलंच नाही. शाळेला पसंतीचा क्रमांक दिसत नाही, दिसतो फक्त तिच्या रांगेतला मुलाचा क्रमांक. वरच्या शाळेचा नकार पदरात पडेपर्यंत खालच्या शाळेतली तुमची जागा दुसरं कुणी पळवू शकत नाही. ज्याचा तिथे तुमच्यापेक्षा जास्त हक्क आहे त्यालाच ती मिळेल, आणि त्याला ती तुम्ही पहिली लिहिली असती तरी मिळालीच असती. या पद्धतीत मुलाने खरी पसंती लिहिण्यात त्याचं कधीच नुकसान होत नाही, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे.

२००३ च्या शरदात न्यूयॉर्कने ही पद्धत सुरू केली. पाचऐवजी बारा नावं लिहायला जागा दिली. रांगेत बरोबरीला असलेल्या मुलांमध्ये पुढे-मागे ठरवण्यासाठी सोडतीचा क्रमांक आला, तोच तो सी-४. पहिल्याच वर्षी यादीबाहेरच्या शाळेत टाकल्या गेलेल्या मुलांचा आकडा तीस हजारांवरून सुमारे तीन हजारांवर आला. २००५ मध्ये बॉस्टननेही आपली घाईची जुनी पद्धत सोडली. २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल शॅपली आणि रॉथ यांना मिळालं. गेल २००८ मध्येच गेले होते. ते त्या दिवशी असायला हवे होते असं मला फार वाटतं.

ताईला मी एवढंच सांगितलं : यादी मनातल्या क्रमाने लिही, फक्त लांब लिही. सी-४ सारखा नंबर असेल तर वरच्या चार-पाच शाळा हुकतील हे धरून चाल, आणि खाली जिथे जागा मुबलक असतात अशा दोन-तीन शाळा नक्की ठेव. पण त्या खालीच ठेव, वर चढवू नकोस.

आपल्याकडचं उत्तरही इथूनच निघतं. मुंबई विभागात अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश २००९ मध्ये सुरू झाले, मग इतर मोठ्या शहरांत आले, आणि २०२५-२६ पासून ते सगळ्या राज्याला लागू झाले. नऊ हजारांहून जास्त कनिष्ठ महाविद्यालयं आणि एकवीस लाखांच्या घरातल्या जागा एका संकेतस्थळावर आल्या. अर्जात दहापर्यंत पसंत्या लिहिता येतात. इथलं गणित न्यूयॉर्कपेक्षा सोपं आहे, कारण आरक्षण आणि कोटे बाजूला ठेवले तर सगळ्या महाविद्यालयांची रांग एकच, दहावीच्या गुणांची. ज्याचे गुण जास्त त्याची यादी आधी वाचली जाते, त्याने लिहिलेल्यांपैकी जागा शिल्लक असलेलं सगळ्यात वरचं महाविद्यालय त्याला मिळतं, मग पुढचा विद्यार्थी. ८८ टक्केवाल्याने पहिल्या नंबरावर ९४ ला बंद होणारं महाविद्यालय लिहिलं म्हणून त्याचं दुसऱ्या नंबरावरचं महाविद्यालय ८५ टक्केवाल्याकडे जात नाही. हे मी दर वर्षी दहा-दहा वेळा सांगते आणि पुढेही सांगत राहीन, कारण या एका गैरसमजापायी मुलं आपल्याला खरं हवं असलेलं नाव लिहीतच नाहीत.

आपल्याकडे एक नियम मात्र डोळ्यांत तेल घालून बघावा लागतो. पहिल्या पसंतीचं महाविद्यालय मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद होतं आणि अगदी शेवटच्या खुल्या फेरीची वाट बघावी लागते. दुसरी किंवा त्याखालची पसंती मिळाली तर पुढच्या फेरीसाठी थांबता येतं. मैत्रिणीने लिहिलं म्हणून, नाहीतर जागा भरायची म्हणून पहिल्या ओळीत काहीही टाकणाऱ्या मुलाला हा नियम जड जातो. पहिल्या ओळीत तेच नाव लिहावं, जे मिळालं तर त्या दिवशी घरात पेढे वाटले जातील.

इथवर गणित होतं. खरी पसंती लिहा, असं गणित सांगतं. ती खरी पसंती कशावरून ठरवायची, हे मात्र ते सांगत नाही.

न्यूयॉर्कच्या याद्यांमुळे संशोधकांच्या हाती एक मोठा खजिना आला. लाखो कुटुंबांनी कुठल्या शाळेला कुठल्या शाळेच्या वर ठेवलं, ते सगळं नोंदलेलं होतं. आणि चिठ्ठी टाकून प्रवेश झाल्यामुळे, सारख्याच मुलांपैकी कुणी एका शाळेत गेलं आणि कुणी दुसऱ्या, अशी तुलनाही हाती आली. अब्दुलकादिरोलू, पाठक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०२० मध्ये एक निबंध छापला. त्यांचा प्रश्न असा : पालक चांगली शाळा म्हणून जी शाळा वर लिहितात, ती मुलांना खरोखर जास्त शिकवते का? त्यांना दिसलं ते असं, की पालक शाळेतली मुलं कशी आहेत ते बघतात. जिथे आधीच हुशार मुलं जातात, ती शाळा वर लिहिली जाते. दोन शाळांत येणारी मुलं सारखी असतील, आणि एक शाळा मुलांना जास्त पुढे नेत असेल, तरी पालकांच्या यादीत ती वर सरकत नाही.

हे वाचलं तेव्हा मला आपली कटऑफ आठवली. कटऑफ म्हणजे काय? त्या महाविद्यालयात शेवटची जागा ज्याला मिळाली त्या मुलाचे दहावीचे गुण. ते गुण त्याने दुसऱ्याच शाळेत, दुसऱ्याच शिक्षकांकडे शिकून मिळवलेले असतात. महाविद्यालयात पाऊल टाकण्याआधीचा हा आकडा आहे. तिथल्या प्रयोगशाळेत किती उपकरणं चालू आहेत, भौतिकशास्त्राचे तास होतात की नाही, मागच्या बाकावरच्या मुलीला शंका विचारता येते का, यातलं काहीही त्या आकड्यात नाही. आणि आपण दहा ओळींची सगळी यादी त्या एका आकड्यावरून उतरत्या क्रमाने लिहितो.

मग कडक परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या नामांकित शाळांचं काय? न्यूयॉर्कमध्ये स्टायव्हसंट, ब्राँक्स सायन्स, ब्रुकलिन टेक अशा आठ शाळा आहेत, ज्यांचा प्रवेश एका स्वतंत्र लेखी परीक्षेवरच ठरतो. १९७१ मध्ये राज्याने त्याचा कायदाच केला. दर वर्षी पंचवीस हजारांच्या आसपास मुलं ही परीक्षा देतात आणि सुमारे चार हजारांना जागा मिळते. क्वीन्समधल्या भारतीय, बांगलादेशी आणि चिनी घरांत या परीक्षेची तयारी सहावी-सातवीपासून चालू होते, शनिवार-रविवारचे क्लास लागतात. अगदी आपल्या दादर-ठाण्यासारखं वातावरण. या परीक्षेवर मोठा वाद आहे आणि तो रास्त आहे. २०१९ मध्ये स्टायव्हसंटने देऊ केलेल्या ८९५ जागांपैकी कृष्णवर्णीय मुलांना मिळाल्या फक्त सात. महापौरांनी आदल्या वर्षीच परीक्षा रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला होता, पण तो राज्याच्या विधिमंडळातून पार झाला नाही. क्लासची फी भरताना ओव्हरटाइम करणारे स्थलांतरित आईबाप एका बाजूला आणि त्या परीक्षेची नीट माहितीही न मिळालेल्या वस्त्या दुसऱ्या बाजूला. दोघांचंही दुःख खरं आहे.

या शाळांबद्दलचा एक अभ्यास मात्र प्रत्येक पालकाने ऐकावा. अब्दुलकादिरोलू, पाठक आणि जोशुआ अँग्रिस्ट यांनी बॉस्टन आणि न्यूयॉर्कमधल्या परीक्षेच्या शाळांत कटऑफच्या जेमतेम वर राहिलेली आणि जेमतेम खाली राहिलेली मुलं घेतली. एक-दोन गुणांनी आत गेलेलं मूल आणि एक-दोन गुणांनी बाहेर राहिलेलं मूल यांच्या बुद्धीत फरक नसतो, फरक नशिबाचा असतो. काही वर्षांनी दोघांचे गुण तपासले. आत गेलेल्यांचे गुण बाहेर राहिलेल्यांपेक्षा फारसे वर नव्हते. त्यांचा निबंध २०१४ मध्ये छापून आला. याचा अर्थ त्या शाळा वाईट आहेत असा नाही. तिथले मित्र, तिथली चढाओढ, तिथून मिळणारा आत्मविश्वास गुणपत्रिकेत मोजला जात नाही. पण एका गुणाने हुकलं म्हणून रात्रभर रडणाऱ्या मुलीला, आणि तिच्यापेक्षा जास्त रडणाऱ्या तिच्या आईला, हा निष्कर्ष मी जवळ बसवून सांगते. तिची गुणवत्ता त्या दारावर राहून गेलेली नाही. ती तिच्यासोबत दुसऱ्या शाळेत जाते.

याच्या उलट बाजूचा पुरावाही न्यूयॉर्कमध्येच आहे आणि तो मला जास्त भावतो. २००२ ते २००८ या काळात शहराने वीसहून जास्त मोठी, अपयशी ठरलेली हायस्कुलं बंद केली आणि दोनशेहून जास्त नव्या शाळा काढल्या. त्यांतल्या बऱ्याच शाळा मुद्दाम छोट्या ठेवल्या, एका इयत्तेत शंभरच्या आसपास मुलं. या शाळांना नाव नव्हतं, इतिहास नव्हता, प्रवेशपरीक्षाही नव्हती. बहुतेक मुलं गरीब वस्त्यांतली, आठवीत मागे पडलेली. त्यांत १२३ शाळा अशा होत्या, की कुणालाही तिथे अर्ज करता येई, आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत होई. एमडीआरसी या संशोधन संस्थेने सोडतीत नाव निघालेली आणि न निघालेली मुलं वर्षानुवर्षं पाठपुरावा करून तपासली. नाव निघालेल्या मुलांत चार वर्षांत हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण सुमारे नऊ टक्क्यांनी जास्त निघालं. शिक्षणातले प्रयोग मोजणाऱ्यांना ठाऊक असतं, की नऊ टक्के हा केवढा मोठा फरक आहे. काय होतं या शाळांत? मुलं कमी, म्हणून प्रत्येक मुलाला नावाने ओळखणारं एक तरी मोठं माणूस होतं.

अशी शाळा यादीत वर कशी येणार? पालकांना ती माहीत तरी व्हायला हवी. संशोधकांच्या दुसऱ्या एका गटाने न्यूयॉर्कमधल्या गरीब वस्त्यांतल्या १६५ शाळांत एक साधा प्रयोग केला. मुलांना एकाच पानाची यादी दिली : घराजवळची, बऱ्यापैकी मुलं जिथून पास होऊन बाहेर पडतात अशी हायस्कुलं. सहाशे पानी पुस्तकाऐवजी एक पान. तेवढ्याने कमकुवत शाळेत अडकणाऱ्या मुलांचं प्रमाण खाली आलं. आपल्या नगरपालिका शाळांतल्या दहावीच्या मुलांना एप्रिलमध्येच असं एक पान मिळालं तर केवढा उपयोग होईल! मी माझ्या शाळेत गेली तीन वर्षं असं पान हाताने तयार करते. डोंबिवली, कल्याण, ठाणे इथली महाविद्यालयं, स्टेशनपासून चालायला लागणारी मिनिटं, विज्ञान शाखेची खरी फी, कुठे तास नियमित होतात.

शेवटचा रकाना भरणं सगळ्यात अवघड. आज बऱ्याच ठिकाणी अकरावी-बारावीचा प्रवेश नावापुरता एका महाविद्यालयात असतो आणि शिक्षण पूर्णपणे खासगी क्लासमध्ये होतं. २०१८ मध्ये राज्याने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली, ती याच कारणाने. जेईई-नीटसाठी क्लास लावण्यात गैर काही नाही. पण ज्याला क्लासची फी झेपत नाही त्या मुलाने रिकाम्या वर्गांचं महाविद्यालय केवळ मोठ्या कटऑफवरून निवडलं, तर त्याची दोन वर्षं वाऱ्यावर जातात. त्या आकड्यामागे वर्ग भरतो का, हे तिथे जाऊनच कळतं. सकाळी अकराला गेलात तर वर्गांत मुलं दिसतात की नाही? प्रयोगशाळेतल्या टेबलांवर धूळ आहे की ओले हात पुसलेली फडकी? बारावीच्या एखाद्या मुलीला गेटवर गाठून विचारा, "शेवटचं प्रॅक्टिकल कधी झालं?" उत्तर द्यायला तिला किती वेळ लागतो, त्यावरून सगळं कळतं.

भाचीने शेवटी अकरा नावं लिहिली. तिसऱ्या नंबरावर एक छोटी शाळा होती, जिचं नाव ताईने आधी कधी ऐकलंही नव्हतं. ती बघायला दोघी गेल्या तेव्हा जिन्याजवळच्या फळ्यावर एक हाताने लिहिलेला कागद होता : शाळा सुटल्यावर कुठल्या वारी कुठले शिक्षक कुठल्या विषयासाठी थांबतात. मंगळवार बीजगणित, बुधवार निबंध, गुरुवार ज्याला जे हवं ते. मार्चमध्ये तीच शाळा मिळाली. ई ट्रेनने पस्तीस मिनिटं. गुरुवारी ती उशिरा घरी येते.

इकडे या जूनमध्ये एक मुलगा यादी घेऊन माझ्याकडे आला. ८६.४० टक्के, वडील रिक्षा चालवतात, विज्ञान शाखा. दहाही ओळी कटऑफच्या उतरत्या क्रमाने भरलेल्या होत्या. मी विचारलं, "यातली किती बघितलीस?" तो म्हणाला, "एकही नाही, मॅडम." वडील बाजूलाच उभे होते. म्हणाले, "शनिवारी गाडी बाहेर काढत नाही, याला घेऊन जातो."

सोमवारी तो परत आला. चार नावं खोडलेली होती. आधी सातव्या ओळीत असलेलं एक महाविद्यालय पहिल्या ओळीत आलं होतं. त्याच्यापुढे त्याने पेन्सिलीने लिहिलं होतं : "रसायनशास्त्राच्या मॅडमनी नाव विचारलं."